शिडाचं पोट

ताडपत्रीमास्तर माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. आधी त्याच्या शिलाईकडे बघत. तुम्ही त्यांच्या दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला, नमस्कार म्हणालात, की त्यांचा हात पुढे यायचा तो तुमच्या बाहीचा जोड चिमटीत धरायला. जोड दोन्हीकडून ओढायचा, टाक्यांतून उजेड दिसतो का ते बघायचं आणि मग तुमच्या शिंप्याची अक्कल काढायची. "ह्ये शिवलंय का चिकटवलंय?" हे त्यांचं स्वागत. एकदा नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले एक मोठे अधिकारी जीपचं कव्हर शिवून घ्यायला स्वतः आले. मास्तरांनी त्यांच्या सफारीकडे वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, तुमचा डावा खांदा उतरलाय. जिल्हा मागनं सांभाळा, आधी तेवढं बगा." अधिकारी गेले. कव्हर दुसरीकडे शिवलं गेलं आणि पहिल्याच वळवाच्या पावसात जीप आतून भिजली, हे मास्तर पुढे वर्षभर येईल त्याला सांगत होते.

लातुरात गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं आणि त्याला लागून माझं. मधे एक पत्र्याची भिंत. ते ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या शिवायचे, मी बायकांचे ब्लाउज. जिल्हा नवा झाला तशी माझ्या नवऱ्याची बदली इथल्या कचेरीत झाली आणि आम्ही लोह्याहून लातूरला आलो. शिवणवर्गाचं सर्टिफिकेट होतं, सरकारी योजनेतलं मशीन होतं, म्हणून मी ती खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी मास्तर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी भिंतीवरचा बुद्धांचा फोटो पाहिला आणि मी मनातल्या मनात कंबर कसली. शेजारच्या माणसाने तो फोटो पाहिला की पुढे काय विचारतात, हे मला लहानपणापासून पाठ होतं. मास्तर म्हणाले, "फोटो सरळ लावलाय. ब्लाउजची शिलाई वाकडी हाय." आणि निघून गेले. मला राग आला आणि बरंही वाटलं. हा माणूस सगळ्यांचा सारखाच अपमान करतो, हे मला तेव्हाच कळलं. तेवढी समता मला त्या गल्लीत दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती.

पण ब्लाउज म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यांच्या मते शिवणकाम दोन प्रकारचं. एक ताडपत्रीचं, आणि दुसरं शिवणकामच नव्हे. मला ते नावाने हाक मारत नसत. "ए ब्लाउजवाली" म्हणायचे. "बोटभर कापड, हातभर दोरा, आन टाका घातला की मोडला. तुमच्या शिलाईवर पाऊस पडला कधी? बारा टनाच्या गाडीवर वारं लागलं कधी?" असं पत्र्याच्या भिंतीपलीकडून चालू असायचं. स्वतःच्या बायकोचं पोलकंही त्यांनी तीस वर्षांत शिवलं नव्हतं. काकू बिचाऱ्या चोरून माझ्याकडे माप द्यायच्या.

त्यांचा एकच देव होता, सरळ रेघ. ताडपत्री ताणली की तिच्यावर एक सुरकुती दिसता कामा नये, कुठे खळगा पडता कामा नये, कारण खळग्यात पाणी साचतं आणि साचलेलं पाणी धान्यात उतरतं. ते मेण लावलेला दोरा आणि दाभण घेऊन जमिनीवर बसायचे आणि दोन-दोन दिवस एकच कड शिवायचे. शिवून झालं की ताडपत्री चार खुंट्यांना ताणून तिच्यावर बोटाने टिचकी मारायचे. ठण्ण आवाज आला तर माल गिऱ्हाइकाकडे गेला. नाही आला तर उसवला. एवढं मात्र मी कबूल करते, की त्यांची ताडपत्री गळली असं मी कधी ऐकलं नाही.

जिल्हा झाला आणि त्याच्या पाठोपाठ पाऊस गेला. "जिल्हा तोडून आणला, पाऊस तिकडंच उस्मानाबादेत ऱ्हायला," असं मास्तर म्हणायचे. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, जीपा नव्या, आणि नळाला पाणी आठ दिवसांनी एकदा. मोंढ्याच्या बाजारात धान्य येईना. धान्य नाही म्हणून ट्रक नाहीत, आणि ट्रक नाहीत म्हणून ताडपत्री कुणाला हवी होती? मास्तर दिवसभर रिकामे बसायचे आणि रिकामा बसलेला मास्तर म्हणजे गल्लीला ताप. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांवर तोंडसुख घेण्यात त्यांचा दिवस जायचा.

अशात दसऱ्याच्या सुमाराला बोटवाले साहेब आले. मूळचे औशाकडचे, वडिलांची मोंढ्यात आडत होती, पण स्वतः वीस वर्षं जहाजांवर इंजिनिअर. रत्नागिरीकडच्या एका बंदरावर एका मित्राबरोबर त्यांनी शिडाची बोट बांधली होती आणि ती घेऊन दोघं आफ्रिकेपर्यंत जाणार होते. शिडं विलायतेहून मागवणं जमेना. तेव्हा त्यांना वडिलांच्या पोत्यांवरची ताडपत्री आठवली. "मास्तर, इतक्या पावसाळ्यांत तुमच्या कापडाखाली आमचा एक दाणा भिजला नाही. माझं मोठं शीड तुम्हीच शिवायचं," असं म्हणून त्यांनी जाड कॅनव्हासचे तागे आणि शिडाचा एक नकाशा पुढे ठेवला. होळीच्या आत निघायचं होतं. नंतर वारं फिरतं आणि मग वर्षभर थांबावं लागतं. नोकरीतून मिळालेली लांब रजा पुन्हा मिळणार नव्हती. यंदा नाही तर कधीच नाही, असं ते स्वच्छ बोलले.

मास्तरांनी तयारीची सगळी चौकशी केली. दोर कसले, डाळ-तांदूळ किती, औषधं काय. पाण्याची पिंपं किती नेणार ते ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. "दोन माणसं आन एवढं पानी? आमची गल्ली तरंल त्यात. आन जाणार कुठं तर पाण्यातच!" साहेब हसले आणि विचारलं, "मास्तर, समुद्र पाहिलाय का कधी?"

"कामून बगू? पानीच ना? जल्मभर पानीच अडवून राहिलो मी."

दिवाळीनंतर शीड तयार झालं. रिकाम्या मोंढ्याच्या ओट्यावर ते पसरलं होतं आणि मी मशीन सोडून बघायला गेले होते. खरं सांगते, टाका पाहून माझे डोळे दिपले. बारीक, घट्ट, एकासारखा एक. मास्तरांनी चारी बाजूंनी ताणून टिचकी मारली. ठण्ण. "बग, ब्लाउजवाली," ते म्हणाले, "ह्याला म्हणत्यात शिवणं." शीड एका ट्रकवर चढून रत्नागिरीला गेलं.

पौषात ते त्याच ट्रकमधून परत आलं. ड्रायव्हरशेजारी साहेब बसले होते. त्यांचा चेहरा पडला होता, पण बोलणं अदबीचं. "मास्तर, शिवणीला तोड नाही. पण वारा बसत नाही. शीड फळीसारखं उभं राहतं, वारा आपटतो आणि निसटून जातो. बोट पुढे सरकत नाही. शिडाला पोट लागतं."

"माझ्या मालाला पोट न्हाई सुटत," मास्तर म्हणाले.

साहेबांनी हात जोडले. महिनाभरात जमलं तर बघा म्हणाले, आणि शीड ठेवून गेले.

पुढचे तीन दिवस पत्र्याच्या भिंतीपलीकडून जे काही ऐकू आलं ते लिहिण्यासारखं नाही. साहेबाला शिव्या, बोटीला शिव्या, वाऱ्याला तर फारच. वाऱ्याला नीट सरळ वाहता येत नाही, यात शिंप्याचा काय दोष, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या दिवशी ते माझ्या दारात आले. आत नाही आले. नकाशा हातात, नजर छताच्या पत्र्यावर.

"ते, तुमच्यात, ते गोल कसं आणत्यात?"

मला कळलं होतं. पण दोन वर्षांचं ऐकलेलं मी इतक्या सहज सोडणार नव्हते. "काय गोल, मास्तर?"

"तेच. कापड सपाट असतंय. मग ते फुगतं कसं?"

"कुठं फुगतं?"

मास्तर कानापर्यंत लाल झाले. "आता गं माय! पोलक्याला, म्होरल्या अंगानं!"

मी पोटभर हसले. मग त्यांना आत बसवलं आणि टक कशी घेतात ते दाखवलं. सपाट कापडाला कडेला चिमटलं की मधे ते आपोआप उभारतं. जितकं टोकाला दाबाल तितकं पोटाला सुटतं. ते बघत राहिले. त्यांच्यासारखा कारागीर, एकदा पाहिलं की पुरे. पण मी म्हटलं, असं नाही, हाताला कळलं पाहिजे. आधी काकूंचं एक ब्लाउज शिवा. त्यांनी शिवलं. दाभणाच्या सवयीचा हात, टाके असे की त्या ब्लाउजात धान्य भरलं असतं तरी सांडलं नसतं. काकू ते घालून आल्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात अंगापासून लांब उभे होते. खाली घेताच येत नव्हते. तरी हौसेने गल्लीभर हिंडल्या. दुसरं मात्र नीट बसलं.

मग मी नकाशा मागितला. कागद उजेडात धरला आणि माझं डोकंच फिरलं. साहेबांनी शिडाच्या दोन कडा बाहेर गोल काढल्या होत्या. स्वच्छ मराठीत लिहिलंही होतं की ही कड गोल. त्या गोलावर मास्तरांनी फूटपट्टी ठेवून पेन्सिलीने जाड सरळ रेघ मारली होती.

"हे तुम्ही केलंत?"

"त्याचा हात हालला असंल. बोटीवरची माणसं, निशेपाणी करत्यात. म्हणून म्या सुधरवलं."

दुसऱ्याने काढलेली रेघ वाकडी दिसली की ती चुकलेलीच असणार, असं समजणारा माणूस! मी त्या दिवशी त्यांना जे बोलले ते गल्लीने ऐकलं. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आता कसं बेतायचं सांग."

पुढचे पंचवीस दिवस आम्ही मोंढ्यातल्या ओट्यावर काढले. आधी सगळं उसवलं. मास्तरांचा टाका उसवणं म्हणजे काय असतं ते माझ्या बोटांना विचारा. काकू, मी आणि ते, तिघं तीन कोपऱ्यांत. उसवताना ते अधूनमधून "काय टाका हाय!" म्हणून स्वतःचंच कौतुक करायचे. मग मी खडूने बेतलं. उरलेल्या ताग्यातून पट्ट्या जोडून कडा गोल केल्या आणि प्रत्येक पट्टीच्या जोडावर टोकाला दोन बोटं जास्त दाबून मधे सोडलं. मी गुडघ्यांवर रांगत खडू ओढायची आणि मागून मास्तर दाभण घेऊन यायचे. पलीकडच्या रस्त्यावर टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका आमच्याकडे बघून हसायच्या. एक जण ओरडली, "ओ मास्तर, जहाज कुठं सोडता? हितं तर हंडाभर न्हाई!" एरवी त्यांनी तिच्या पदराच्या शिलाईत खोड काढली असती. तेव्हा मात्र खाली मान घालून शिवत राहिले. त्यांना भीती वाटत होती, हे मी पहिल्यांदा पाहत होते. पुन्हा बिघडलं तर साहेबांचा प्रवास बुडाला आणि मास्तरांचं नावही.

शीड झालं. या वेळी टिचकी मारायला जागाच नव्हती. मधे कापड सैल लोळत होतं आणि मास्तर त्याच्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघत होते. ते स्वतः शीड घेऊन रत्नागिरीला गेले. मलाही जायचं होतं. पण लहान पोर, नवऱ्याची नोकरी, आणि मास्तर म्हणाले, "एष्टीत दोन दिवस तुझी बडबड कोण ऐकंल?"

आठवड्याने परतले ते थेट माझ्या दाराशी. मी मशीन थांबवून उठले. "पोट धरलं का?"

"धरलं."

"म्हंजे कसं?"

"आधी लई फडफड केली. मग वारं आत शिरलं आन आवाजच गेला. एकदम गप. बोट अशी वाकली आन निघाली की. समदे टाळ्या वाजवून राहिले." त्यांनी टोपी झटकली. "समुद्र काय न्हाई. एवढं पानी आन समदं खारट. बेकार."

मी हसत होते. पण ते जाईनात. पायरीवर उभे राहून माझ्या उंबऱ्याचं लाकूड नखाने खरवडत होते. मग म्हणाले, "सायबानं ईचारलं, मास्तर, ह्ये जमलं कसं? पाच-सात जण हुते तिथं. म्या म्हणलं, बसून ईचार केला. जमलं."

"माझं नाव?"

"न्हाई निघालं तोंडातून."

पंचवीस दिवस मी त्या ओट्यावर रांगले होते, गुडघे सोलून निघाले होते. शिवणवर्गात, शाळेत, गावात, जिथे जिथे मी चांगलं काम केलं तिथे ते दुसऱ्या कुणाच्या नावावर गेलं होतं. त्याची मला सवय होती. पण हा माणूस तसा नाही असं मी धरून चालले होते. मी म्हटलं, "सगळ्या लातूरच्या शिलाया ओढून बघता ना मास्तर? मग तुमची ही शिलाई कुणी ओढून बघायची?" आणि त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

तीन दिवस भिंतीपलीकडून एक शब्द आला नाही. चौथ्या दिवशी त्यांचं दुकान बंद. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "परत गेले गं तिकडंच. पहाटेच्या गाडीनं. जेवण सोडलं हुतं दोन दिसापासून. मला म्हणले, बोट सुटायच्या आत पोचतो. कामून ते सांगितलं न्हाई."

घरी जाऊन स्वयंपाक केला, तो करपवला.

होळीच्या आदल्या दिवशी ते आले. दाढी वाढलेली, धोतरावर सगळीकडे प्रवासाची धूळ. ज्यांनी जन्मभर कुणाची सुरकुती खपवून घेतली नाही त्यांचा सदरा पार चुरगळला होता. या वेळी न विचारता आत आले आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसले.

"बोट गेली हुती," म्हणाले. "मी पोचायच्या दोन दिवस आदी. वारं चांगलं मिळालं म्हणून सुटले."

"मग?"

"मग काय. धक्क्यावर कोणीच नव्हतं. एक बाई मासळी वाळत घालून राहिली हुती. तिला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"ह्येच, की त्या शिडाचं पोट माझं न्हाई. सुमननं बेतलंय, लातूरच्या. म्या निस्तं शिवलंय. बोट परत आली की सायबाला सांग."

दोन वर्षांत त्यांच्या तोंडून मी माझं नाव प्रथमच ऐकलं. ते त्यांना माहीत आहे हेही मला तेव्हाच कळलं.

"मास्तर, साहेबांच्या घरी पत्र टाकायचं होतं की. त्यासाठी एवढं लांब?"

"खोटं काय पत्रानं बोललो हुतो का?"

मी माठातून तांब्याभर पाणी दिलं. आठ दिवसांचं पाणी होतं ते, पण तांब्या काठोकाठ भरला. त्यांनी तो एका दमात संपवला.

"काय म्हणाली ती बाई?" मी विचारलं.

"काय म्हणती? तिला वाटलं येडा हाय. पण नाव ध्येनात ठिवलं तिनं. दोन बारी म्हणून घेतलं तिच्याकडनं. सुमन, लातूर. सुमन, लातूर." ते उठले, दारापाशी थांबले आणि चिमटीने तिथे टांगलेल्या ब्लाउजचा जोड ओढला. "लई शहाणी बाई. तुझ्यागत शंभर सवाल न्हाई ईचारले."

त्यानंतर मास्तर चार वर्षं होते. मला त्यांनी पुन्हा कधी बरं म्हटलं नाही आणि ब्लाउजवालीचं सुमनही झालं नाही. त्या बोटीचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही. साहेबांचं घरही औशाहून हललं होतं. मास्तर गेले त्या दिवशी मी रडले आणि काकूंनी मला धरून बसवलं, खरं तर मी त्यांना धरायला हवं होतं.

आज माझ्या दुकानात चार मुली बसतात. एखादी बाई आरशासमोर उभी राहून म्हणते, सुमनताई, काय सुंदर बसलंय हो! तेव्हा माझं तोंड हो म्हणायला उघडतं. दर वेळी उघडतं. मग मी ते मिटते आणि आतल्या खोलीतून ज्या मुलीने ते बेतलं असेल तिला नावाने हाक मारते.